नाना टिवाच्या गुडघ्यावरचा प्रोसेसर

सुआमे मॅगझिनमध्ये जुनी इंजिनं विकणाऱ्या बायका तीनच. त्यातल्या दोघी अजोवा डुफीला घाबरून असत आणि तिसरी ती स्वतः. मॅगझिन म्हणजे कुमासीतलं ते अख्खं गाव, जिथे गाड्या मरायला येतात आणि दुसऱ्याच नावाने जिवंत होऊन बाहेर पडतात. तिथे तेलाने काळ्या झालेल्या मातीवर डुफीचा निळा कंटेनर होता आणि कंटेनरसमोर साखळीला टांगलेली इंजिनं. इंजिन सुरू करून दोन मिनिटं ऐकलं की मागचा मालक दारू पीत होता की नाही हे ती सांगते, अशी तिची ख्याती होती. ही ख्याती तिने स्वतःच पसरवलेली होती.

वय अठ्ठावन्न. आवाज असा की शेजारच्या वेल्डरला कानात बोळे घालायची गरज मशीनपेक्षा तिच्यासाठी जास्त. नवरा वारला नव्हता, टाकोराडीला गेला होता. चौदा वर्षांपूर्वी, एका मासळीवालीबरोबर. कोणी हळहळलं की डुफी म्हणायची, "मेला असता तर बरं झालं असतं. निदान अंत्यविधीला चार लोक जेवून गेले असते. हा गेला तो जेवण न देता."

तिची मुलगी सेरवा नर्स होऊन हँबर्गला गेली, तेव्हा घरात एक गेमिंग कॉम्प्युटर मागे राहिला. काळी पेटी, एका बाजूला काच, आत लाल दिवे. सेरवाने घेतला तेव्हाच तो कुणीतरी वापरून टाकलेला होता. "मा, विकून टाक," असं ती विमानतळावरून सांगून गेली. डुफीने विकायला काढलाही, पण येईल तो गिऱ्हाईक इतका पाडून मागायचा की तिला त्या पेटीचाच अपमान वाटायला लागला. "चल ऊठ, आणि एवढ्या पैशात तुझ्या आईला विक," असं शेवटच्या माणसाला सांगून तिने दार लावलं.

एकदा पेटी चालू करताच वाजू लागलेलं संगीत बंद करायला म्हणून तिने कळ दाबली, तर पडद्याने तिला विचारलं, तुमच्या क्लबचं नाव काय? प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढं तिला शाळेत शिकवलं होतं. एका बोटाने तिने टंकलं: सुआमे इंजिन्स.

तो फुटबॉलच्या मॅनेजरचा खेळ होता. यात चेंडूला लाथ मारायची नसते. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, संघ निवडायचा, हरल्यावर पत्रकारांना उलट उत्तरं द्यायची. दोन दिवसांत डुफीच्या लक्षात आलं की हा तर आपलाच धंदा. वापरलेला माल घ्यायचा, गुडघे तपासायचे, दोष झाकायचा आणि मूर्ख शोधून त्याच्या गळ्यात मारायचा. वर कपड्यांना तेल लागत नाही. बघता बघता तीन वर्षं झाली. सुआमे इंजिन्स तिसऱ्या विभागातून दुसऱ्यात आले होते आणि डुफीच्या खुर्चीची गादी खड्डा पडून बशीसारखी झाली होती.

या खेळात तिचा एक वैरी होता. तिच्या घरामागे पत्र्याचं एक प्रार्थनागृह होतं, 'विजयी ज्वाला' नावाचं. तिथला पाद्री ओसोफो अपेंतेंग. पंचेचाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा आणि प्रवचनात घामाने तीन रुमाल भिजवणारा. त्याचा क्लब होता सियोन वॉरियर्स. चर्चच्या कॉम्प्युटरवरून तो डुफीच्या कॉम्प्युटरला जोडला जायचा आणि रविवारी दुपारी, मंडळी घरी फुफूचे गोळे गिळत असताना, दोघं एकमेकांची हाडं मोडायची. चर्चच्या वडीलधाऱ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की या वेळात तो पुढच्या प्रवचनाची तयारी करतो. त्यामुळे त्या वेळी दार कुणी वाजवत नसे.

रविवारी सकाळी डुफी त्याला "तुम्ही ओसोफो" म्हणायची. दुपारी खेळ सुरू झाला की "तू गाढवा".

भानगड वेळेची होती. स्वस्त माल कुठे मिळेल हे कळायला हवं म्हणून डुफीने खेळात एकोणीस देशांच्या स्पर्धा चालू ठेवल्या होत्या. एक सामना संपला की पुढच्या सामन्यापर्यंत त्या एकोणीस देशांतला प्रत्येक सामना कॉम्प्युटर आपल्या डोक्यात खेळून काढायचा. तेवढ्यात डुफी रताळ्यासारखा तो मोठा याम सोलायची, उकडायची, खायची आणि ताट घासून यायची. परत येऊन बघावं तर पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे.

फोनवर ओसोफो चिडवायचा, "सिस्टर डुफी, तुझं यंत्र उपासाला बसलंय का?"

"तुझ्यासाठी प्रार्थना करतंय. वेळ लागणारच."

पण ते तिला लागलं. सेरवाला फोन केला. सेरवा म्हणाली, "मा, ग्राफिक्स कार्ड बदल. सगळे तेच बदलतात."

"चित्रं दाखवणारं कार्ड? अगं, माझ्या खेळात बावीस ठिपके पळतात. ठिपक्यांना काय नटवायचंय?"

"मग नवीनच घे ना कॉम्प्युटर."

"टॅक्सीचं इंजिन गेलं की तू टॅक्सी फेकतेस? तुझं पोट कशावर भरलं गं इतकी वर्षं?"

सेरवाने विषय बदलला. तिचं पोट कशावर भरलं ते तिला माहीत होतं.

बुधवारी कंटेनरला कुलूप लावून डुफी आडुमला गेली. जुन्या इमारतींचा तो भाग, जिन्याजिन्यावर फोन आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग. पहिल्याच जिन्यावर सोनेरी घड्याळाच्या एका माणसाने तिला थांबवलं. "मदर, प्रोसेसर हवाय? सगळ्यात वरचा. परदेशातून आलाय, एका डॉक्टरने वापरलेला."

त्याने पुढे केलेला पोस्टाच्या तिकिटाएवढा धातूचा तुकडा डुफीने हातात घेतला, उन्हात तिरका धरला आणि वरच्या अक्षरांवरून एकदा नख फिरवलं. कॉम्प्युटरचा मेंदू तिने जन्मात हातात धरला नव्हता. पण घासून पुन्हा ठोकलेले नंबर तिने तीस वर्षं इंजिनांवर पाहिले होते. काही तर तिच्या स्वतःच्या कंटेनरमध्ये.

"डॉक्टरने वापरलाय का?" ती म्हणाली. "मग ऑपरेशनही त्यानेच केलं असेल. टाके दिसतायत."

तो माणूस तिच्या हातून तुकडा घेऊन आणखी एका मदरच्या शोधात खाली उतरला.

दुसऱ्या मजल्यावर ओफोसुहेने नावाचा माणूस बसायचा. हडकुळा, पन्नाशीचा, कपाळावर दुसरा चष्मा चढवलेला. बाजारात त्याला इंजिनियर म्हणत आणि तो फार बोलत नसे, त्यामुळे तो हुशार असल्याचा सगळ्यांचा समज होता. तो हुशार होताही. त्याने पहिला प्रश्न विचारला तो सबंध कुमासीत तिला कुणी विचारला नव्हता.

"मादाम, तुम्ही खेळता काय?"

डुफीने सांगितलं. मग फोनवर काढून आणलेला पडद्याचा फोटो दाखवला. सेरवाने सांगितल्याप्रमाणे, खेळ अडकलेला असताना तिने तो काढला होता. चार आलेख, चारही छताला टेकलेले.

"बघा," ओफोसुहेने म्हणाला. "चित्राचं कार्ड झोपा काढतंय. प्रोसेसर मात्र घामाघूम. तुमच्याकडे चार कामगार आहेत, प्रत्येकाला एक हात. चौघंही मरेस्तोवर राबतायत."

"मग काय करायचं?"

"तीन रस्ते. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, सगळंच नवं टाकायचं. हा एक."

"म्हणजे टॅक्सी फेका. दुसरा?"

"तुमच्याच खाचेत बसणारा, त्याच घराण्यातला, पुढच्या पिढीचा. चारच कामगार, पण प्रत्येकाला दोन हात, आणि चालही वेगाची. तिसरा म्हणजे त्याचाच तापट भाऊ. त्याला पिळून आणखी पळवता येतं. तरुण लोक तोच मागतात."

डुफीने डोळे बारीक केले. "पिळायला माझा बोर्ड तयार आहे का?"

"बहुतेक नाही."

"आणि तापला तर थंड करायला मोठा पंखा लागणार."

"लागणार."

"म्हणजे ट्रकचं इंजिन टॅक्सीत, आणि वर बॉनेट बंद होत नाही म्हणून दोरीने बांधायचं. असली गिऱ्हाइकं मी रोज बघते. मला तो सरळ स्वभावाचा द्या, दोन हातांवाला."

ओफोसुहेने हसला. तो हसल्याचं शेजारच्या चार्जरवाल्याने नंतर बाजारात सांगितलं आणि कुणाचा विश्वास बसला नाही. किमतीवरून दोघांत पाऊण तास जुंपली. दोघांनाही मजा आली. पिशवी घेऊन ती जिना उतरू लागली तेव्हा तो वरून म्हणाला, "मादाम, बोर्ड कोणता आहे?"

"काळा."

"काळा म्हणजे कोणता? आधी त्याचा बायोस बघायला..."

"इंजिनियर, तीस वर्षं मी इंजिनं बदलतेय. मला बसवायला शिकवू नका," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

गुरुवारी संध्याकाळ व्हायच्या आत तिने पेटी उघडली. पंखा सोडवला, जुना प्रोसेसर अलगद बाहेर काढून पुसला. नवा बसवणार एवढ्यात टेमा बंदरावरून फोन आला. इंजिनांचा कंटेनर सुटलाय, उद्या सकाळी हजर नसाल तर माल गोदामात जाईल. आणि नेमका त्याच वेळी ओसोफो दारात.

"जुन्याचं काय करणार, सिस्टर? चर्चच्या कॉम्प्युटरमध्ये दोनच कामगार आहेत. गाण्याचे शब्द भिंतीवर उमटायच्या आधी गाणं संपतं. गेल्या रविवारी मंडळी 'आमेन'च्या जागी सूचनाच गात होती."

"न्या," डुफी म्हणाली. तिचं लक्ष टेमाच्या बसकडे होतं. "देवाला सांगा, डुफीने दिलाय."

चार दिवस ती टेमात कस्टमच्या लोकांशी भांडत होती. सोमवारी परतली, आंघोळ केली आणि खुर्चीतही न बसता नवा प्रोसेसर खाचेत ठेवला. पेस्ट लावली, पंखा घट्ट केला, कळ दाबली.

लाल दिवे लागले, पंखे फिरले. पडदा मात्र काळाच.

तिने पुन्हा कळ दाबली. मग वायर काढून घातली. मग पेटीवर चापट मारली, खाचेत फुंकर मारली, पेटी उभी केली, आडवी केली. शेवटी, इकडेतिकडे बघून, थोडी प्रार्थनाही केली. हे सगळं करणाऱ्या गिऱ्हाइकांना ती आयुष्यभर हसत आली होती. पडदा काळाच राहिला आणि त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. ते तिला आवडलं नाही.

मंगळवारी आडुमच्या दुसऱ्या मजल्यावर तिचा आवाज पोचला तो ती तळमजल्यावर असतानाच.

"चोर! मला चोराने लुबाडलं! इंजिनवालीला मेलेलं इंजिन विकलं! बाहेर या, इंजिनियर, चष्मे सांभाळून बाहेर या!"

जिना माणसांनी भरला. चार्जरवाल्याने दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली, न जाणो काय फेकतील. ओफोसुहेने मात्र उठला नाही. त्याने तिच्या हातून प्रोसेसर घेतला, टेबलावरच्या उघड्या बोर्डात बसवला, कळ दाबली. पडदा लागला. त्यावर प्रोसेसरचं नाव, आठही हात, सगळं ठणठणीत.

जिन्यावरची माणसं आता डुफीकडे बघायला लागली.

"तुमचा बोर्ड जुन्या पिढीचा आहे," तो म्हणाला. "हा नवा कोण आहे हे त्याला माहीतच नाही. दारात उभा राहून बेल वाजवतोय, आतला म्हातारा म्हणतोय, आम्ही ओळखत नाही, जा. बोर्डाचं शहाणपण आधी वाढवायला लागतं. त्याला बायोस म्हणतात. तेच त्या दिवशी सांगत होतो."

"मग वाढवा."

"त्याला बोर्ड जागा असायला लागतो, आणि जुन्या प्रोसेसरशिवाय तो जागा होणार नाही. आणा जुना."

"दिला."

"नवा चालवून बघायच्या आधी?"

हेच वाक्य डुफीने मॅगझिनमध्ये हजार वेळा उच्चारलं होतं, नेहमी दुसऱ्याला, आणि दर वेळी कमरेवर हात ठेवून. आता ते ऐकताना हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"कोणताही चालेल," ओफोसुहेने जरा मवाळ होत म्हणाला. "त्याच जुन्या पिढीचा, अगदी भिकारातला भिकार. माझ्याकडे एक होता, काल गेला. आक्र्याहून मागवला तर पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा तिला नको होता. रविवारी हंगामाचा शेवटचा सामना होता, सुआमे इंजिन्स विरुद्ध सियोन वॉरियर्स, आणि जिंकणारा पहिल्या विभागात जाणार होता.

बुधवारी ती प्रार्थनागृहात गेली. आत सात दिवसांचं उपोषण आणि प्रार्थना चालू होती. भिंतीवर गाण्याचे शब्द झरझर उमटत होते आणि वडीलधारी मंडळी हात वर करून डोलत होती. ओसोफोने तिला पाहिलं आणि पटकन मागच्या खोलीत ओढलं.

"तुम्हाला दिलेला प्रोसेसर परत हवाय. एका तासासाठी," डुफी म्हणाली.

"सिस्टर, माझं मूत्रपिंड मागा. शनिवारपर्यंत तो कॉम्प्युटर सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच राहणार आहे. आणि मी मंडळींना सांगितलंय की देवाने चर्चच्या यंत्राला नवी बुद्धी दिली."

"देवाने?"

"तुमच्यामार्फत. पण तुमचं नाव राहून गेलं."

"बरं. मग तुमच्या यंत्रातला निघालेला, दोन कामगारांचा, तो द्या. इंजिनियर म्हणतो, भिकारातला भिकार चालेल. तुमचाच असणार तो."

ओसोफोने खिशातून रुमाल काढला. प्रवचन नसतानाही त्याला घाम फुटला होता. मग सगळं बाहेर पडलं. रविवारी त्याने तो निकामी तुकडा हातात उंच धरून प्रवचन केलं होतं: पाहा, ज्याला जग टाकून देतं त्याच्याही पोटाशी सोनं असतं. मागची सोनेरी बाजू उन्हात चमकली. प्रवचन संपल्यावर नाना टिवा, मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई, काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, तो आशीर्वादाचा दगड मला दे, माझ्या गुडघ्याला बांधते.

"आणि तुम्ही दिलात."

"सगळ्यांसमोर मागितला! काय सांगू, हा कचरा आहे म्हणून? पाच मिनिटांपूर्वी तर रडत होतो मी त्याच्याकडे बघून."

"मग?"

"मग काय. गुडघा बरा आहे म्हणते. मी रोज बघायला जातो. सिस्टर, तुम्ही तिला खरं काय ते सांगू नका, पाया पडतो."

डुफी हसली नाही, कारण हसली असती तर प्रार्थना बंद पडली असती.

नाना टिवा दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची. मुलं आक्र्याला, एक इटलीत. ती दारात स्टुलावर पाय लांब करून बसली होती. उजव्या गुडघ्यावर पांढरं फडकं आणि सगळ्या खोलीला शियाच्या बियांच्या लोण्याचा वास.

"नाना, गुडघा कसा आहे?" डुफीने विचारलं.

"तुझ्या तोंडापेक्षा बरा चालतो. बस."

डुफी बसली. इंजिन विकताना ती शब्दाला अडत नसे, पण इथे अडली. "नाना, तो दगड... मला एका तासासाठी हवा होता. उसना."

"कशाला?"

"एक आजारी आहे."

"कोण?"

"आहे एक. घरातलंच."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग फडकं सोडायला लागली. "तुझा कॉम्प्युटर बंद पडलाय ना?"

डुफी तिच्या हातातल्या फडक्याकडे बघू लागली.

"मी काय आंधळी आहे? माझा इटलीतला मुलगा कॉम्प्युटरच दुरुस्त करायचा. हा तुकडा काय आहे ते मला त्या दिवशीच कळलं."

"मग गुडघ्याला का बांधलात?"

"अगं पोरी, चार वर्षं मी त्या चर्चच्या शेवटच्या बाकावर बसते. ओसोफो एकदाच माझ्या घरी आला होता, तोही देणगीच्या पावत्या घेऊन. आता बघ. रोज सकाळी येतो. गुडघा बघतो, प्रार्थना करतो, कोको पितो, बातम्या सांगतो. तो घाबरलाय की माझा गुडघा दुखायला लागला तर मी सगळीकडे बोभाटा करीन." तिने तुकडा हातात धरला, लोण्याने माखलेला. "हा भलताच गुणी दगड आहे. याला मी सोडणार नाही. नेतेस तर मीही येणार, आणि माझ्यासमोर परत द्यायचा. आणि त्याला सांगायचं नाही."

"त्यानेही मला तेच सांगितलंय, की तुम्हाला सांगू नको."

"बरं झालं. तुझ्या पोटात दोन गुपितं राहतील का पण?"

"माझ्या पोटात मॅगझिनमधल्या निम्म्या इंजिनांचे खरे नंबर आहेत, नाना."

गुरुवारी भर दुपारी डुफीच्या घरी सगळे जमले. ओफोसुहेने स्वतः आला होता. म्हणाला, पेटी हलवायला नको. पण डुफीला ठाऊक होतं की त्याला कुतूहल आहे. नाना टिवा चांगल्या खुर्चीत बसली. ओसोफो प्रार्थना एका वडीलधाऱ्यावर सोपवून आला आणि नानाच्या शेजारी हात जोडून उभा राहिला. जणू आजाऱ्याचं ऑपरेशनच होतं.

ओफोसुहेनेने तुकडा भिंगाखाली धरला. "यावर काय आहे?"

"लोणी," नाना म्हणाली. "रोज रात्री चोळते."

जन्मात ज्याने प्रोसेसरवरून धूळ सोडून काही पुसलं नव्हतं त्या माणसाने स्पिरिटचा बोळा घेऊन दहा मिनिटं लोणी काढलं. त्याच्या कपाळावरचा दुसरा चष्मा हळूहळू नाकावर आला. तुकडा बसवला, कळ दाबली. पडदा लागला. नाना टिवाने टाळी वाजवली.

"आता ऐका," ओफोसुहेने म्हणाला. "शहाणपण भरताना दिवे गेले तर बोर्ड कायमचा वेडा होईल. मग कुणाचाच दगड चालणार नाही."

"जातील तर जाऊ देत," म्हणत डुफीने पलंगाखालून ट्रकची बॅटरी ओढली. त्यासोबत इन्व्हर्टर, तोही मॅगझिनमधला. एका मेलेल्या शववाहिनीतून काढलेला होता, हे तिने सांगितलं नाही.

पडद्यावर पट्टी सरकायला लागली. दहा. वीस. पस्तीस. पलीकडून प्रार्थनागृहाच्या कर्ण्यावर एक वडीलधारा गर्जत होता, "हे प्रभो, आज या वस्तीवर तुझा प्रकाश..."

आणि दिवे गेले. कर्णा तिथेच अडकला. पंखा थांबला, शेजारच्या फ्रीजने शेवटचा उसासा टाकला. अख्ख्या गल्लीतून एकच ओरडा उठला, नेहमीचा.

पट्टी सरकत होती. बासष्ट. त्रेसष्ट.

"प्रभूची कृपा," ओसोफो पुटपुटला.

"बॅटरीची," डुफी म्हणाली. "गप्प उभे राहा, हात लागेल वायरला."

शंभर झालं. ओफोसुहेनेने जुना काढून नवा बसवला. पडद्यावर त्याचं नाव आलं. डुफीने ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग ओफोसुहेनेच्या पाठीत अशी थाप मारली की दोन्ही चष्मे खाली पडले. "मंगळवारी तुम्हाला चोर म्हणाले," ती म्हणाली. "चूक माझी होती. हे मी आयुष्यात तिसऱ्यांदा म्हणतेय, तेव्हा नीट ऐकून घ्या."

"जिन्यावर येऊन म्हणाल का?" तो चष्मा शोधत म्हणाला. "तिथे ऐकणारे जास्त होते."

नानाने हात पुढे केला. तुकडा तिच्या तळहातावर परत आला, स्वच्छ, लोण्याशिवाय. तिने तो ओसोफोसमोर धरला. "याचं बळ वापरलं गेलं ना रे. पुन्हा भरून दे."

ओसोफोने डुफीकडे पाहिलं. डुफी छताकडे बघत होती. मग त्याने डोळे मिटले आणि त्या दोन कामगारांच्या, जगाने टाकलेल्या प्रोसेसरवर चांगली लांब प्रार्थना म्हटली. नानाने एक डोळा उघडा ठेवून डुफीला मिचकावला. ओफोसुहेनेही शेवटी "आमेन" म्हणाला. मोफत होतं, म्हणून.

शुक्रवारी डुफी आडुमच्या जिन्यावर गेली आणि तेवढ्याच आवाजात म्हणाली, हा माणूस चोर नाही, मी गाढव आहे. जिना पुन्हा भरला होता. चार्जरवाल्याने या वेळी फळी ओढली नाही.

रविवारी दुपारी सामना झाला. पूर्वी जेवढ्यात याम उकडून व्हायचा तेवढ्यात आता डुफीला सोलायची सुरी सापडत नसे. चक्र फिरायचं आणि पुरं न फिरताच थांबायचं. ओसोफो फोनवर ओरडला, "अगं बाई, जरा थांब, मला विचार करू दे!"

"तीन वर्षं विचार करायला वेळ दिला होता तुला, गाढवा."

सामना सियोन वॉरियर्सने जिंकला, तीन विरुद्ध एक. डुफीच्या गोलरक्षकाने दोन गोल हातातून सोडले. त्याचे गुडघे तिने घेताना नीट तपासले नव्हते. मालकाने तिला क्लबमधून काढून टाकलं. संध्याकाळ व्हायच्या आत तिने दुसऱ्या देशात दुसरा क्लब धरला होता आणि तिथे पहिले पाच सामने हरलीही होती.

महिनाअखेरीस हँबर्गहून सेरवाचा फोन आला. "मा, मग? आता कसं चालतंय?"

"झकास. पूर्वी माझी हकालपट्टी व्हायला तीन वर्षं लागली. या महिन्यात दोनदा झाली."

"अगं, मग उपयोग काय झाला?"

"तुला नाही कळायचं. ठेव आता, नाना टिवा आलीय. तिला एक क्लब काढून द्यायचाय. म्हणते, ओसोफोला मी हरवते."